गणपतीला गावी जायचं की नाही? यंदा पाळी आमच्याकडे आहे

दापोलीकर_डोंबिवली | २० जुलै २०२०, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. गाव दापोली तालुक्यात, राहायला डोंबिवलीत. आमच्याकडचा लॉकडाऊन कालच उठला, २ तारखेपासून सगळं परत बंद होतं, आणि आता घरात दुसरा विषयच नाहीये, गणपतीला गावी जायचं की नाही. २२ ऑगस्टला चतुर्थी आहे म्हणजे हातात महिना आहे, पण क्वारंटाइन धरलं तर महिना नाहीच, जे काय ते येत्या आठ-दहा दिवसांत ठरवायला लागणार.

आमचा गणपती मूळ घरात बसतो, तिन्ही भावांच्या घरांत पाळी आहे आणि यंदा ती आमच्या घराकडे आलीय. गावाला आईबाबा दोघंच. बाबा ७४ वर्षांचे, शुगर आहे, गोळ्या चालू. शिमग्याला पालखी नाचवायला गेलो होतो तेव्हा भेट झाली तेवढीच, नंतर लॉकडाऊन लागला, आणि मग ३ जूनचं निसर्ग वादळ. पडवीचे पत्रे गेले, न्हाणीवर माड पडला, लाईट कित्येक दिवस नाही, फोन लागेना, आणि मी इथे बसून नुसता नंबर फिरवतोय. शेवटी बाजूच्या गावातल्या एकाला टेकडीवर रेंज मिळाली तेव्हा कळलं की दोघं बरे आहेत. त्या वेळी जाता आलं नाही ते मनातून जात नाही अजून, म्हणून यंदा काही झालं तरी जायचंच असं डोक्यात बसलंय.

गावाचा निरोप असा आलाय की ७ ऑगस्टच्या आत या, १४ दिवस शाळेत राहा, घरी राहायचं असेल तर खोली आणि संडास वेगळा पाहिजे. आमचा संडास एकच, परसात. बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, तिला एवढी रजा मिळणं शक्य नाही. मुलगा सहावीत, ऑनलाइन शाळा चालू झालीय आणि गावात रेंज कुठे उभं राहून मिळते ते तुम्हाला माहीतच आहे. मला स्वतःला १४ दिवस आणि वर गौरी-विसर्जनापर्यंत म्हणजे २७ तारखेपर्यंत रजा मागायची तर मॅनेजर तोंडावर हो म्हणेल आणि नंतर काय करेल सांगता येत नाही, एप्रिलपासून पगार कापूनच येतोय.

ज्यांनी मे महिन्यात किंवा आता गावाला जाऊन क्वारंटाइन काढलंय त्यांनी खरं खरं सांगा कसं असतं. जिल्ह्याबाहेर जायला लागणाऱ्या ई-पासचं काय? आणि मुख्य म्हणजे बाबांचं वय बघता मी जावं का?

---

बाप्पा_मोरया_७७ | २० जुलै, ११:०५

जावा दादा. आईबाप आहेत तोवरच गाव आहे. पाळी मोडू नका. एवढंच सांगेन.

---

वाडीतला | २१ जुलै, सकाळी ७:३०

दादा मी गावाला असतो, खेड तालुका, आणि आमच्या ग्राम कृती दलात (बाहेरून येणाऱ्यांची व्यवस्था बघणारी गावची समिती) आहे, म्हणून पलीकडच्या बाजूनं सांगतो, राग मानू नका.

मे महिन्यात मुंबईतून जे लोक आले त्यातले काही चालत आले, काही टेम्पोत ताडपत्रीखाली बसून आले. कशेडीला तपासणी, तिथे तासन्‌तास रांग, आणि रात्री दोनला वाडीच्या फाट्यावर उतरवलं की आम्हाला फोन. शाळा उघडायची, बाक एका बाजूला सारायचे, सतरंज्या घरून आणायच्या. शाळेला दोन संडास, एकाचं दार लागत नाही. पाणी बोअरिंगचं आणि लाईट गेली की पाणी बंद. जेवण ज्याच्या त्याच्या घरून डब्यात यायचं, डबा पायरीवर ठेवायचा आणि मागे सरकायचं. ज्यांचं गावात कोणीच नाही त्यांचा डबा वाडीनं आळीपाळीनं केला, एका घरात सकाळी पेज तर दुसऱ्या घरात संध्याकाळी भाकरी. त्यात सगळीकडे पेरणीच्या तयारीची घाई. हे कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितोय, कारण टीव्हीवर फक्त एवढंच येतं की गाववाल्यांनी रस्त्यावर झाडं आडवी टाकली.

झाडं टाकली हेही खरं आहे. लोक घाबरले होते. सुरवातीला स्वॅब मिरजेला जायचे, रिपोर्ट यायला किती दिवस जातील काय माहीत नसायचं, आणि तोपर्यंत त्या घराकडे अख्खा गाव वेगळ्या नजरेनं बघायचा. आता रत्नागिरीत लॅब झाली त्यामुळे जरा बरं आहे. पण आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ऑक्सिजनवर ठेवायची वेळ आलेला पेशंट राहू शकत नाही, त्याला हलवायलाच लागतं, आणि रात्री रुग्णवाहिका मिळेल का हा प्रश्न तुमच्या बाबांसारख्या माणसासाठी शाळेत डास किती चावतात यापेक्षा मोठा आहे.

आणखी एक. चाकरमान्यांचा गावावर हक्क आहे, देऊळ बांधलं ते मुंबई मंडळाच्या पैशातून, शाळेचा पत्रा मुंबई मंडळाचा, हे आम्ही विसरलेलो नाही. या म्हणायलाच आवडतं. फक्त येताना आधी फोन करून ठरवून या. वाडीतल्या लोकांना विश्वासात घेतलं की तेच लोक तुमच्यासाठी मांगर (शेतावरचं खोपटं) झाडून ठेवतात, आणि न सांगता आलात की तेच लोक फाट्यावर उभे राहतात.

---

सिस्टर_माई | २१ जुलै, दुपारी ३:१५

मी सरकारी रुग्णालयात नर्स आहे, चिपळूण माहेर, सध्या ठाणे. वाडीतल्या दादांनी बरोबर लिहिलंय.

१४ दिवस हा आकडा उगाच नाही. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत पाच-सहा दिवस जातात, काहींना त्याहून जास्त, आणि दोन आठवड्यांत जवळजवळ सगळ्यांचं कळतं. मधल्या दिवसांत माणूस ठणठणीत दिसतो आणि तरी दुसऱ्याला देऊ शकतो. म्हणून कोणी म्हणालं की मला काही होत नाहीये मी घरातच राहतो तर ते बाबांच्या जिवाला चालण्यासारखं नाही. तुमच्या मिसेस लॅबमध्ये आहेत म्हणजे रोज स्वॅबच्या आसपास वावर आहे, त्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल, त्यांचं काय म्हणणं आहे ते तुम्ही लिहिलंच नाहीत. त्यांना विचारा आधी.

एक संडास असेल तर घरी क्वारंटाइन करू नका, अगदी जमतच नसेल तर शाळेत राहा. वाडीत कोणाचं बंद घर असेल, मुंबईकरांची बरीच घरं यंदा बंदच आहेत, त्यांची किल्ली मागा. तिथे राहून रोज संध्याकाळी खळ्यात (अंगणात) लांब उभं राहून आईबाबांशी बोललात तरी त्यांना खूप आहे. मी आमच्या वॉर्डात म्हातारी माणसं बघते ना, त्यांना काचेतून का होईना पण पोरगं दिसलं की जेवण जातं, नाहीतर ताट तसंच परत येतं.

बाबांची शुगर शेवटची कधी तपासली? लॉकडाऊनमध्ये गावाकडे खूप जणांच्या तपासण्या राहिल्यात, गोळ्या पण मिळेल त्या ब्रँडच्या चालू आहेत. जाणार असाल तर इथून तीन महिन्यांच्या गोळ्या घेऊन जा, चिठ्ठीसकट. नाही गेलात तरी पाठवायची सोय करा. गणपतीच्या आधी हे.

---

मूळघर | २१ जुलै, रात्री ९:५०

आम्ही यंदा जात नाही आहोत. गुहागर. निर्णय घेताना घरात आठवडाभर वाद झाला, वडील बोलेनात, पण शेवटी त्यांनीच तोडगा काढला तो सांगतो, कदाचित उपयोगी पडेल.

पाळी म्हणजे काय, तर त्या वर्षीचा खर्च आणि जबाबदारी त्या घराची. पूजेला पाटासमोर कोण बसतो हे वेगळं. घरात सुतक आलं की आपण काय करतो? भाच्याला किंवा पाहुण्याला बसवून पूजा करून घेतो, गणपती त्यानं काही राहत नाही. तसंच यंदा माझा चुलतभाऊ जो गावालाच असतो तो बसेल, खर्च सगळा आमचा, मूर्तीचे, भटजींचे, नैवेद्याचे पैसे मी आत्ताच त्याच्या खात्यात टाकले. आमच्याकडे मूर्तीचा पाट नागपंचमीला गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, देतात, ती येत्या शनिवारी २५ ला आहे, तर पाट त्यानंच नेऊन द्यायचा ठरलाय. मूर्ती दोन फुटाच्या आत सांगितलीय, सरकारनं घरगुतीला तेवढीच मर्यादा घातलीय आणि तसंही विसर्जनाला यंदा खांदा द्यायला माणसं कमी, नदीवर दोघांनी उचलून नेता येईल एवढीच बरी.

वडिलांना सगळ्यात जास्त लागलं ते भजनाचं. रात्री घरोघर जाऊन भजन होतं ते यंदा गावानं बंद ठेवलंय, ज्यानं त्यानं आपल्या घरात आरती करायची. ते म्हणाले मी गेलो असतो तरी पेटी कोणासमोर वाजवणार होतो. तिथून त्यांचं मन वळलं.

तुमच्या चुलत्यांपैकी कोणी गावाला आहे का ते बघा. पाळी एकमेकांत बदलून पण घेता येते, पुढच्या वर्षी त्यांची तुम्ही करा.

---

दापोलीकर_डोंबिवली | २२ जुलै, रात्री ११:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर ताई, बायकोला विचारलं. ती म्हणाली मी आणि मुलगा येणार नाही, तू एकटा जा आणि शाळेत नाहीतर वेगळ्या घरात राहून मगच घरी शीर. तिच्या लॅबमधले दोघं पॉझिटिव्ह निघालेत गेल्या पंधरवड्यात, तिने मला सांगितलं नव्हतं काळजी नको म्हणून. आता मीसुद्धा घरात वेगळ्या खोलीत झोपतोय.

मूळघर, चुलते दोन्ही मुंबईतच आहेत, एक नालासोपाऱ्याला एक परळला, गावाला फक्त आईबाबा. भाऊबंदांत विचारता येईल पण बाबा म्हणतात माझ्या हातून होतंय तोवर मीच बसणार, पाट पण मीच नेऊन देणार. मला त्यांचं पाटापर्यंतचं चालणं परवडेल पण मूर्ती आणायची, नैवेद्य, पाच दिवस येणारी-जाणारी माणसं, आईच्या एकटीच्या हातानं हे होणार नाही. पत्रे पण अजून ताडपत्री आणि दोरीवर आहेत. वादळाची मदत खात्यात आली पण पत्रे मिळायला महाग आणि बसवायला माणूस नाही अशी अवस्था. त्यामुळे पूजेपेक्षा मला जायचं कारण ते छप्पर झालंय खरं तर.

ई-पास कोणी काढलाय का? एका माणसानं माझ्याकडे पैसे मागितले, म्हणाला दोन तासांत देतो.

---

घाटमाथा | २३ जुलै, सकाळी १०:१०

पैसे अजिबात देऊ नका. ई-पासला फी नाही, पोलिसांच्या साइटवर आपणच अर्ज करायचा. आधार, फोटो, जायचं कारण आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट की सर्दी-ताप वगैरे लक्षणं नाहीत. कारण नीट लिहा, नुसतं नेटिव्ह प्लेस लिहिलं की नाकारतात असा माझा अनुभव, वडील आजारी आणि वादळात घराचं नुकसान असं लिहून पंचनाम्याचा कागद जोडला की लवकर होतो. हे तुमच्या बाबतीत खरंच आहे. खोटे पास विकणाऱ्यांना पकडल्याच्या बातम्या रोज येतायत, आणि चेकपोस्टवर नंबर टाकून बघतात, तिथे सापडलात की गाडी परत आणि वर गुन्हा.

---

सिस्टर_माई | २३ जुलै, दुपारी ४:००

दापोलीकर दादा, तुमच्या घरातलं ऐकून एक सांगावंसं वाटतं. मिसेसच्या लॅबमध्ये केसेस निघाल्यात तर आत्ता लगेच निघू नका. इथेच वेगळ्या खोलीत थोडे दिवस काढा, ताप बघत राहा, मग निघा आणि तिथे परत क्वारंटाइन. दोन्हीकडे दिवस मोजायला लागले तरी चालेल पण हे करा. आणि मिसेसना सांगा त्यांनी स्वतःला जपावं. आम्ही सगळ्याच सध्या घरी आल्यावर दारातच कपडे बादलीत टाकून अंघोळ करून मग मुलांना जवळ घेतो, कधीकधी मुलं तोवर झोपलेली असतात.

---

वाडीतला | २८ जुलै, रात्री ८:३५

दापोली भागातल्या आमच्या एका पाहुण्यांशी बोललो, गावाचं नाव तुम्ही मला मेसेजमध्ये कळवलं होतंत त्यावरून. तुमच्या वाडीत वरच्या आळीला एक घर बंद आहे, मालक बोरिवलीला, ते किल्ली द्यायला तयार आहेत, संडास आत आहे, पाण्याची टाकी मात्र भरून घ्यायला लागेल. कृती दलाला तुम्ही स्वतः फोन करा, सरपंचांना पण करा. पत्र्याचं सांगायचं तर खेडमध्ये एका दुकानात माल आलाय असं कळलं, तुम्ही माप कळवा, मी विचारून ठेवतो.

---

घाटमाथा | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ७:४५

आजची बातमी बघितली का सगळ्यांनी? कोकणासाठी एसटी सोडतायत, ६ तारखेपासून. परिवहन मंत्री अनिल परब यांनी जाहीर केलं. एका गाडीत २२ च माणसं, एसटीनं जाणाऱ्याला ई-पास नको, आणि क्वारंटाइन १४ वरून १० दिवसांवर आणलंय. १२ ऑगस्टपर्यंत पोचलात तर टेस्ट नको, १२ नंतर जाणाऱ्याला निघायच्या आधी ४८ तासांतली कोविड टेस्ट निगेटिव्ह पाहिजे. स्वतःच्या गाडीनं जाणाऱ्याला ई-पास आहेच.

हे महिनाभर आधी सांगितलं असतं तर किती लोकांचा जीव टांगणीला लागला नसता. लोकांनी रजा टाकून झाल्या, कोणी नाद सोडून दिला, आणि आता सांगतात. टेस्टचा खासगी लॅबचा दर सरकारनं जूनमध्ये खाली आणला तरी अजून २२०० रुपये आहे, चार माणसांचं घर असेल तर जवळजवळ नऊ हजार, आणि पगार अर्धा. गिरणगावातल्या खोलीत राहणाऱ्या माणसानं कुठून आणायचे? त्यामुळे १२ च्या आत निघायची झुंबड उडणार हे नक्की, आरक्षण करून ठेवा.

---

मूळघर | ४ ऑगस्ट, रात्री ९:१०

१० दिवस झाले तरी गावानं आपापले नियम केलेत त्यांचं काय? आमच्याकडे ग्रामपंचायत १४ वरच अडून आहे असं भाऊ सांगत होता.

---

वाडीतला | ४ ऑगस्ट, रात्री १०:२५

त्यावर आमच्याकडे आत्ताच बैठक झाली, अंतर ठेवून देवळाच्या सभामंडपात. तरुण मुलं म्हणतात सरकारनं दहा सांगितले तर दहा, म्हातारी माणसं म्हणतात चौदा. शेवटी असं ठरलं की दहा दिवस पूर्ण वेगळं आणि नंतरचे चार दिवस घरात पण वाडीत फिरायचं नाही, विहिरीवर जायचं नाही. मला हे पटलं. आशाताई (गावातल्या आशा कार्यकर्त्या) रोज दारात येऊन ताप बघणार आहेत, त्या बाईंनी मार्चपासून एक दिवस सुट्टी घेतलेली नाही आणि मानधन किती मिळतं ते विचारू नका. येणाऱ्यांनी त्यांच्याशी तरी नीट बोला.

---

दापोलीकर_डोंबिवली | ६ ऑगस्ट, रात्री १०:००

ठरलं. ९ तारखेच्या गाडीचं तिकीट मिळालं, एकट्याचं. १० ला पहाटे पोचेन, बोरिवलीकरांच्या घरात राहीन, दहा दिवस धरले तर २० ला मोकळा होतो, चतुर्थीच्या आधी हातात एक दिवस राहतो, तेवढ्यात मूर्ती आणणं आणि मखर होईल. चार दिवस वाडीत फिरायचं नाही हा नियम आमच्याकडे पण केलाय, मला मान्य आहे, मूर्ती आणायला गणपतीच्या शाळेत मी जाणार नाही, शेजारचा मुलगा आणून देईल. बाबा पूजेला बसतील, मी मास्क लावून मागे उभा राहीन. बायको आणि मुलगा इथूनच फोनवर आरती करणार. मुलगा रडला, त्याला गौरीच्या जेवणाची आणि चुलतभावंडांची आठवण येते, पण यंदा चुलतभावंडं पण कोणी येत नाहीयेत म्हटल्यावर गप्प झाला.

मॅनेजरनं रजा दिली, बिनपगारी. चालेल.

बाबांच्या गोळ्या घेतल्या तीन महिन्यांच्या, ग्लुकोमीटर पण घेतला. वाडीतला दादा, पत्र्यांचं माप बाबांनी काढून पाठवलंय, दहा फुटी सोळा पत्रे आणि ते बसवायचे ‘J’ हुक. पैसे कोणाला पाठवू तेवढं कळवा.

---

वाडीतला | ६ ऑगस्ट, रात्री १०:३०

पैसे आत्ता नको, दुकानदार आमच्या ओळखीचा आहे, माल उतरल्यावर बघू. पत्रे मंगळवारी टेम्पोनं येतील, तुम्ही तोवर वेगळ्या घरात असाल म्हणून बाबांच्या खळ्यातच उतरवून ठेवतो. चढवायला दोन मुलं बघितलीत, पाऊस उघडला तर त्यांना घेऊन सकाळी सातला येतो. तुम्ही खाली यायचं नाही, लांबूनच कुठे काय ते सांगायचं.

---

सिस्टर_माई | ७ ऑगस्ट, सकाळी ६:५०

नाइट संपवून लिहितेय. एसटीत खिडकी उघडी ठेवा, पाऊस आत आला तरी. मधल्या थांब्यावर काही खायला उतरू नका, डबा आणि पाणी घरून न्या. ऑक्सिमीटर मिळाला तर घ्या, ९४ च्या खाली गेला की वाट न बघता आशाताईंना फोन. आणि जाताना थर्मामीटर विसरू नका. आजपासून टेस्टचा दर पण कमी केलाय, लॅबमध्ये जाऊन दिली तर १९००, ज्यांना १२ नंतर निघायचंय त्यांच्यासाठी सांगतेय.